पाच लेन्स आणि एक खांदा

पत्र थोडक्यात : वाचक भगिनी ७-८ वर्षांपासून हौसेने फोटो काढतात. ऑक्टोबरच्या मध्यात पती आणि १३ वर्षांच्या मुलीबरोबर रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असा १२ दिवसांचा प्रवास ठरला आहे. परदेशी जाण्याची ही पहिलीच वेळ. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, १.६ पट क्रॉपचा, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (फुल फ्रेम) कॅमेऱ्यापेक्षा दृश्य १.६ पट आवळून दाखवणारा. लेन्स पाच : १०-१८ वाइड (रुंद दृश्याची), १८-५५ किट (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली), ५० मिमी एफ/१.८, ५५-२५० टेली (लांबच्या दृश्याची) आणि १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून बारीक तपशील टिपणारी). हे आकडे मिमीमधल्या फोकल लेंग्थचे : आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. एफचा आकडा मात्र जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्स आत घेते. भाऊ म्हणतो, "एकदाच जाणार आहेस, ७०-२०० एफ/२.८ भाड्याने घे." मैत्रीण म्हणते, सगळ्या घरी ठेव आणि एकच १८-२०० ने. पती म्हणतात, फोन पुरे. मुलगी म्हणते, "आई, तू लेन्स बदलत बसतेस आणि आम्ही नुसते उभे राहतो." त्यांचा प्रश्न : काहीही सुटू नये अशी बॅग कशी भरू?

उत्तर :

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी मुलीच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. मी मात्र सुरुवात तिथूनच करते, कारण कोणत्या लेन्स न्यायच्या याचं अर्धं उत्तर त्यात आहे. तुम्ही एकट्या निघालेल्या नाही. १२ दिवस दोन माणसं तुमच्याबरोबर चालणार आहेत आणि त्यांचा वेग, त्यांचा धीर हे दोन्ही बॅग भरतानाच हिशेबात धरायला हवं.

"काहीही सुटू नये" या तुमच्या शब्दांमागे एक समजूत आहे. १० मिमीपासून २५० मिमीपर्यंत एकही आकडा रिकामा राहिला नाही, तर दृश्यही सुटणार नाही, अशी. पण फोटो सुटतात ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. ट्रेव्ही कारंज्यापाशी गर्दीतून वाट काढत मुलगी पुढे पोचते, वळून तुमच्याकडे बघून हसते, आणि त्या वेळी तुमच्या एका हातात वाइड लेन्स असते, दुसऱ्या हातात उघडा कॅमेरा, आणि मागचं झाकण कुठे ठेवलं ते आठवत नसतं. प्रत्येक जास्तीच्या लेन्सबरोबर "आता कोणती लावू?" हा प्रश्नही दिवसभर खांद्यावर राहतो. त्याचं वजन काट्यावर दिसत नाही, पण संध्याकाळपर्यंत चांगलंच जाणवतं.

म्हणून आधी एक करा. नेमकं काय सुटण्याची भीती वाटते ते कागदावर लिहून काढा. पाच-सहा ओळी पुरेत. त्यात "व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलचं छत" असेल तर ती ओळ आत्ताच खोडा, कारण तिथे फोटो काढायला मुळातच मनाई आहे. तिथे मान वर करायची आणि बघत राहायचं. बाकीच्या ओळींपुढे त्या फोटोसाठी कोणती लेन्स लागेल ते लिहा. तीन-चार ओळी एकाच लेन्सवर येऊन थांबतात, असं तुमच्याही लक्षात येईल.

दुसरी समजूत अशी की देश नवा म्हणून तुमचे फोटोही नवे असतील. विमानात बसल्याने आपली नजर बदलत नाही. घराजवळच्या देवळात ज्यांचे डोळे खांबावरच्या कोरीवकामावर जातात, त्यांचे डोळे रोमच्या चर्चमध्येही तिथेच जातील. ज्या माणसांचे चेहरे टिपतात, त्या तिथेही चेहरेच टिपतील. तुमची नजर कुठे जाते हे ओळखायला अंदाजाची गरज नाही, पुरावा तुमच्या संगणकावर पडलेला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतले तुमचे सगळ्यात आवडते फोटो निवडा. सगळे नकोत, जे तुम्ही छापून घेतले, कुणाला आवर्जून पाठवले, तेवढेच. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लेन्स आणि फोकल लेंग्थ नोंदलेली असते आणि फोटो हाताळायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यानुसार गाळणी लावता येते. समजा आवडत्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त ३० ते ५५ मिमीमध्ये आले आणि १० मिमीवर दोनच निघाले, तर इटलीसाठी नव्याने विचार करण्यासारखं फारसं उरत नाही. ही गाळणी लावायच्या आधी माझंही पुढचं म्हणणं प्रमाण मानू नका.

तरीही तुमच्या पाचही लेन्सबद्दल माझं मत सांगते.

आधी ५० मिमीबद्दल, कारण ती तुमच्या पत्रात उगाच मागे पडली आहे. फोटोग्राफीची आवड असणाऱ्यांनी ऐकलेलं असतं की विख्यात फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचं बहुतेक काम ५० मिमीवर केलं. ते खरंच आहे. पण त्यांच्या कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्म होती, म्हणजे आजच्या फुल फ्रेमएवढी चौकट. तुमच्या १.६ क्रॉपच्या कॅमेऱ्यावर तीच ५० मिमी ८० मिमीसारखी दिसते. त्यांना दिसायचा तेवढा पसारा हवा असेल तर तुम्हाला साधारण ३१ मिमी लागेल, आणि ती सोय तुमच्या किट लेन्समध्ये आहेच. तेव्हा "एकच ५० मिमी घेऊन हिंडेन" असा विचार मनात आला तर जरा थांबा. व्हेनिसच्या गल्लीत मागे सरकायला जागा नसते आणि ८० मिमीच्या चौकटीत अर्धंच दार मावतं.

मग ती न्यायची कशाला? उजेडासाठी. ऑक्टोबरच्या मध्यात रोममध्ये साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे रोजची निम्मी संध्याकाळ तुम्ही दिव्यांच्या उजेडात हिंडणार. किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ ला सेन्सरवर तिच्या जवळपास दहापट उजेड येतो. किट लेन्सला १/१५ सेकंद लागेल तिथे हिला १/१५० पुरेल. किटमध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर तुमच्या हाताचा कंप ती सावरेल, पण चालत्या मुलीला ती थांबवू शकत नाही. त्यासाठी शटरच वेगाने उघडून मिटायला हवं. या लेन्सचं वजन साधारण १६० ग्रॅम असतं. मुलीचे रस्त्यावरच्या दिव्याखालचे फोटो हवे असतील तर ही लेन्स घरी ठेवण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

आता १०-१८. भव्य इमारती म्हणजे वाइड लेन्स, असं तुम्ही लिहिलं आहे. यावर थोडं सविस्तर बोलते, कारण परदेशी निघालेले बहुतेक जण हेच म्हणतात. रोमच्या पँथिऑनचं उदाहरण घ्या. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. मधोमध उभं राहून वर कॅमेरा धरला तर अख्खा घुमट चौकटीत यायला ९० अंशांहून थोडा जास्त कोन लागतो. तुमची १० मिमी लेन्स लांब बाजूला सुमारे ९६ अंश दाखवते, पण आखूड बाजूला ७३ च्या आसपासच. म्हणजे तुमच्याकडची सगळ्यात रुंद लेन्स लावूनही तो घुमट पुरा मावत नाही. १८ मिमीवर तर त्याचा एक भागच येईल. मग कोणता भाग घ्यायचा हे ठरवावं लागतं. वरच्या गोल झरोक्यातून आत आलेलं ऊन आणि त्याच्या कडेने सावलीत जाणारे छताचे चौकोन घेतले तर १८ मिमी भरपूर झाली. माझ्या मते तो फोटो अख्ख्या घुमटाच्या फोटोपेक्षा सरस ठरेल.

वाइडची दुसरी अडचण बाहेरच्या इमारतींच्या वेळी येते. समोर उभं राहून कॅमेरा वर कलवला की भिंती मागे रेललेल्या दिसतात आणि लेन्स जितकी रुंद तितकं ते डोळ्यात भरतं. फ्लोरेन्सचं कॅथीड्रल पायथ्याशी उभं राहून कवेत घ्यायचा प्रयत्न सगळेच करतात. तेच नदीपलीकडच्या पियात्साले मायकेलँजेलोच्या टेकडीवरून बघा : लाल घुमट सगळ्या छपरांच्या वर उठून दिसतो. तिथे टेली लागते, वाइड लावली तर घुमट चौकटीत ठिपक्याएवढा राहतो.

आणि इथे तुमच्या पतींचं म्हणणं कामी येतं. अलीकडच्या अनेक फोनमधली ०.५ एक्सची लेन्स फुल फ्रेमच्या १३ मिमीच्या जवळपास असते. तुमची १० मिमी क्रॉप धरून १६ मिमी होते. म्हणजे तुमच्या वाइड लेन्सपेक्षा रुंद लेन्स बहुधा त्यांच्या खिशात आधीच आहे. फोनचा सेन्सर लहान, त्यामुळे कडेला आणि अंधारात तपशील मऊ पडतात, हे मान्य. पण इमारत हलत नाही. कठड्याला टेकवून नाइट मोड लावला तर चर्चचं आतलं दृश्यही नीट येतं. शिवाय १८ मिमीवर कॅमेरा उभा धरून शेजारशेजारचे चार-पाच फोटो काढून घरी जोडता येतात. वाइडची उणीव अशी दोन मार्गांनी भरून निघते. लांबच्या दृश्याला फोनकडे इतका चांगला पर्याय नसतो.

म्हणून किट आणि ५० मिमीनंतरची तिसरी जागा मी ५५-२५० ला देईन. पावणेचारशे ग्रॅमच्या आसपासची लेन्स, लांब टोकाला फुल फ्रेमच्या ४०० मिमीएवढी पोच. व्हेनिसमध्ये अकादेमिया पुलावरून साल्युते चर्चच्या घुमटाकडे बघताना, कलोसियमच्या वरच्या कमानीत कुणी एकटं उभं दिसताना, कॅथीड्रलच्या दर्शनी भिंतीवरच्या मूर्तींचे चेहरे न्याहाळताना ती उपयोगी पडेल. पण रोज बाहेर काढू नका. टेकडीचा, पुलांचा, उंच मनोऱ्याचा दिवस असेल तेव्हाच. एरवी ती हॉटेलच्या खोलीतच बरी.

मॅक्रो घरी ठेवा. ही लेन्स तुम्हाला फार प्रिय आहे, हे पत्रातून कळतं. पण मॅक्रोचं काम वेळ मागतं, गुडघ्यावर बसायला जागा मागतं आणि वारा थांबण्याची वाट बघायला लावतं. या प्रवासात ते कुणालाच, तुम्हालाही, सुख देणार नाही.

भावाच्या सूचनेमागे प्रेम आहे आणि ७०-२०० एफ/२.८ ही फार सुंदर लेन्स आहे. एफ/५.६ च्या चौपट उजेड घेते. रंगमंच, खेळ, लग्नसमारंभ यांत तिला तोड नाही. पण दिवसाढवळ्या चौकात एफ/८ वर फोटो काढताना तिच्यात आणि तुमच्या ५५-२५० मध्ये जो फरक उरतो, त्यासाठी एक ते दीड किलो वजन गळ्यात बाळगणं मला पटत नाही. क्रॉपमुळे ती ११२ पासूनच सुरू होते, त्यामुळे गल्ल्यांमध्ये जवळजवळ निरुपयोगी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उसन्या महागड्या वस्तूची धास्ती. रोमच्या गजबजलेल्या मेट्रोत तुमचं सगळं लक्ष बॅगेवर राहील. फ्लोरेन्सच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि मोठ्या बॅगा खाली जमा कराव्या लागतात. उसनी लेन्स अशी सोडून वर जाताना तुमचा पाय निघेल का?

मैत्रिणीचा पर्याय मात्र मी सहज बाजूला सारणार नाही. १८-२०० सारख्या लेन्स टोकाला जरा मऊ असतात आणि लांब झूमवर त्यांचा अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एफ/५.६ किंवा त्याहून बारीक होतो. पण कॅमेरा एकदा गळ्यात घातला की लेन्स बदलणं बंद, आणि मुलीची तक्रारही बंद. तुमच्या आवडत्या फोटोंमध्ये दिवसाचे फोटो जास्त निघाले आणि लेन्स बदलण्याचा तुम्हालाच कंटाळा असेल, तर १८-२०० आणि ५० मिमी ही जोडी चांगली आहे. तुमच्याकडे १८-५५ आणि ५५-२५० आधीच आहेत, म्हणून त्यासाठी नवा खर्च करा असं मी सुचवत नाही, इतकंच.

तर माझं मत : १८-५५ कॅमेऱ्यावर, ५० मिमी जॅकेटच्या खिशात, ५५-२५० खोलीत. तिन्ही मिळून पाऊण किलोच्या आत. रोज सकाळी निघताना ठरवायचं की आज कॅमेऱ्यावरच्या लेन्सबरोबर फार तर एक जास्तीची घ्यायची, आणि ठरलेलं दिवसभर बदलायचं नाही. लेन्स बदलायची ती बसल्यावर, आडोशाला, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. वाऱ्यात बदलली तर सेन्सरवर धूळ बसते आणि एफ/११ च्या पुढे निळ्या आभाळात तिचे ठिपके दिसू लागतात. धूळ उडवायला हवेचा छोटा ब्लोअर जवळ ठेवा.

"पण पुन्हा कधी जाणार?" हे तुमचं वाक्य मी विसरलेले नाही. पहिल्या प्रवासाला ते वाटणारच, आणि त्यात काही चूक नाही. फक्त विचार करा की दहा वर्षांनी तुम्हाला कशाचा फोटो हवासा वाटेल. कलोसियमचे उत्तम फोटो जगात कितीतरी लोकांनी काढलेले आहेत आणि पुढेही निघतील. १३ वर्षांची तुमची मुलगी त्याच्यासमोर कशी उभी होती, तो फोटो फक्त तुम्हीच काढू शकता. त्यासाठी १८-५५ आणि ५० पुरतात. तुम्हीही त्या फोटोंमध्ये असायला हव्यात, म्हणून एखाद्या दुपारी ५० मिमी लावून कॅमेरा तिच्या हातात द्या.

बाकी काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या इतर वाचकांनाही लागतील. ट्रायपॉड नेऊ नका. व्हॅटिकन संग्रहालय आणि फ्लोरेन्सची उफिझी गॅलरी या दोन्ही ठिकाणी ट्रायपॉड आणि फ्लॅश चालत नाहीत आणि मोठ्या सॅक आत नेऊ देत नाहीत. लहान, पुढे ओढून घेता येईल अशी, साधी दिसणारी खांद्याची बॅग बरी. कॅमेरा आणि लेन्स कायम केबिन बॅगेत. अनेक विमान कंपन्यांची मर्यादा ७ किलो असते, तेव्हा बाकीचं सामान घेतल्यावर पुन्हा वजन करा. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायला मनाई आहे. १०० वॉट-अवरपर्यंतच्या जवळ ठेवता येतात आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्याच्या खूप खाली असतात, पण त्यांची टोकं झाकलेली हवीत. एक मोठं कार्ड नेण्यापेक्षा दोन-तीन मध्यम न्या आणि भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक आणि बिल यांचे फोटो काढून स्वतःला ईमेल करा. चोरी झाली किंवा विमानतळावर विचारणा झाली तर तेवढाच आधार असतो.

ज्यांचा प्रवास वेगळा आहे, त्यांचा हिशेबही वेगळा. आफ्रिकेतल्या सेरेंगेटी किंवा मसाई माराला वन्यप्राणी बघायला निघालेल्यांनी टेलीपासूनच सुरुवात करावी : १००-४०० किंवा १५०-६०० कॅमेऱ्यावर कायम. तिथे धुळीत लेन्स बदलणं टाळायचंच, म्हणून शक्य असेल तर दुसरी कॅमेरा बॉडी, नाहीतर जवळच्या दृश्यांना फोन. उत्तर नॉर्वे किंवा आइसलँडला ध्रुवीय प्रकाश बघायला जाणाऱ्यांना एफ/२.८ किंवा त्याहून जास्त उघडणारी वाइड लागते आणि तिथे ट्रायपॉडशिवाय चालत नाही, कारण शटर काही सेकंद उघडं राहतं. बॅटऱ्या अंगातल्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या लवकर उतरतात. खोलीत परतताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून सावकाश गरम होऊ द्या, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं. फुल फ्रेमवाल्यांनी इटलीसारख्या शहरी प्रवासाला २४-१०५ एफ/४ आणि ३५ मिमी एफ/१.८ नेली तर क्वचितच काही अडेल.

निघण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिघं हीच बॅग घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठेतरी पायी हिंडा, वाटेत थोडे तरी जिने चढा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. कोणती लेन्स किती वेळा बाहेर निघाली ते रात्री फायलींमध्ये बघा, आणि खांदा आणि मुलगी काय म्हणतात तेही विचारा. १८ मिमीवर तुमचा जीव सारखा घुसमटला असेल तर ५५-२५० काढून १०-१८ ठेवा. तसं झालं तर माझ्या मताची भीड बाळगू नका.